गिरणीचं दार उघडतं तेव्हा

मार्गारेट हेल ते जड दार उघडते आणि उंबऱ्यातच थबकते. समोर लांबच लांब दालन, मागांच्या रांगा, पट्ट्यांची अखंड सपसप, आणि छतापासून जमिनीपर्यंत हवेत तरंगणारा कापूस. तो अगदी सावकाश खाली उतरत असतो. बायकांच्या केसांवर, पुरुषांच्या खांद्यांवर, यंत्राखाली सरपटणाऱ्या पोरांच्या पाठीवर. दक्षिण इंग्लंडातल्या हेल्स्टनसारख्या हिरव्यागार खेड्यातून नुकत्याच आलेल्या या मुलीला समोरचं दृश्य सुंदर म्हणावं की भयाण, हे उमगत नाही. पाहणाऱ्यालाही उमगत नाही. मग त्या पांढऱ्या धुक्याच्या पलीकडे, उंचावर, काळ्या कोटातला एक माणूस दिसतो. तो सगळ्या दालनावर नजर ठेवून असतो. हा गिरणीमालक जॉन थॉर्नटन. पुढच्याच क्षणी तो एका कामगाराच्या मागे धावतो आणि त्याला गाठून बेदम मारतो. कामगाराचा गुन्हा एवढाच की तो गिरणीत धूम्रपान करत होता. जिथे हवाच कापसाची आहे तिथे एका ठिणगीने शेकडो माणसं जळून मरू शकतात, हे थॉर्नटनला माहीत आहे. मार्गारेटला ते माहीत नाही. तिला फक्त मारणारा हात दिसतो.

बीबीसीची 'नॉर्थ अँड साउथ' ही चार भागांची मालिका 2004च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इंग्लंडात दाखवली गेली. एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीवरून पटकथा लिहिली सँडी वेल्शने, दिग्दर्शन ब्रायन पर्सिव्हलचं. मार्गारेट झाली आहे डॅनिएला डेन्बी-ॲश आणि थॉर्नटन रिचर्ड आर्मिटेज. गिरणीतला हा प्रवेश मूळ कादंबरीत नाही. तिथे दोघांची पहिली भेट एका हॉटेलच्या खोलीत, सभ्यपणे होते. पण पटकथाकाराने हे दार रचलं आणि कादंबरीचा गाभा दोन मिनिटांत डोळ्यांसमोर उभा केला. रूपांतर म्हणजे काय, हे मला त्या दोन मिनिटांत लख्ख कळलं.

ब्रिटिश मालिकांचं नाव काढलं की बहुतेकांच्या मनात प्रचंड हवेल्या येतात, तासून काढल्यासारखी हिरवळ, रेशमी झगे, चांदीची चहादाणी. ते सगळं तिथे आहे आणि ते डोळे भरून पाहावंसंच आहे. पण माझा जीव या मालिकांवर जडला तो दुसऱ्या कारणाने. त्यातल्या चांगल्या मालिका त्या चांदीच्या चहादाणीचा हिशेब देतात. ती घासली कुणी, पाणी तापवलं कुणी, आणि ज्या पैशातून ती आली तो पैसा कुणाच्या छातीतून निघाला, हे त्या सांगतात. जी मालिका हे सांगते ती टिकते. जी नुसती हवेली दाखवते ती पाहून होते आणि विसरली जाते.

इंग्लंडात रविवारची संध्याकाळ ही अशा मालिकांची ठरलेली वेळ. ती सवय घट्ट झाली 'द फोर्साइट सागा'पासून. जॉन गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरची ही सव्वीस भागांची कृष्णधवल मालिका 1967 मध्ये बीबीसी टूवर आली. तेव्हा ती वाहिनी थोड्याच घरांत दिसायची. पुढच्या वर्षी बीबीसी वनवर तिचं पुनःप्रक्षेपण रविवारी सुरू झालं आणि लोक घराबाहेर पडेनासे झाले. काही चर्चनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली. एका वकिलाच्या मालकीहक्काच्या भुकेची, त्याच्या थंड लग्नाची ती गोष्ट. त्यासाठी देवानेही थोडं थांबावं, असं त्या देशाला वाटलं.

पुढे 1971 मध्ये 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' आली. कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची. मोठ्या घरी चाकरी केलेली माणसं दोघींच्याही कुटुंबात होती. त्यामुळे लंडनमधल्या 165, ईटन प्लेस या घराकडे त्यांनी तळघरातून पाहिलं. वर बेलामी कुटुंब, खाली बटलर हडसन, स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस, आणि खुद्द जीन मार्शने साकारलेली रोझ. अडुसष्ट भागांमध्ये एडवर्ड राजाच्या काळापासून 1930 पर्यंतचं इंग्लंड त्या जिन्यावरून चढतं आणि उतरतं. सेट साधे, चित्रीकरण बरंचसं स्टुडिओतलं. आजच्या डोळ्यांना ते नाटकासारखं वाटेल. तरी वरच्या दालनात चहा पोहोचण्याआधी खाली पहाटे चूल पेटलेली असते, हे त्या मालिकेने छोट्या पडद्याला कायमचं शिकवलं. पुढे 2010 मध्ये आलेली 'डाउन्टन ॲबी' जगभर गाजली. तिचा जिना इथेच बांधला गेला होता.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं 1995चं रूपांतर पाहिलेला माणूस बहुधा कॉलिन फर्थच्या भिजलेल्या सदऱ्याची आठवण काढतो. तळ्यात उडी घेण्याचा तो प्रसंग ऑस्टिनचा नाही, पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसचा. मला त्याच्या अलीकडचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. एलिझाबेथ बेनेट मामा-मामींबरोबर पेम्बर्ली पाहायला आली आहे. बाहेरून दिसणारा वाडा चेशरमधला लाइम पार्क. आतली दालनं डर्बीशरमधल्या सडबरी हॉलची. एलिझाबेथ झालेली जेनिफर ईली खिडकीशी उभी राहून बाहेरची झाडं पाहते आणि घरची वृद्ध कारभारीण मिसेस रेनॉल्ड्स आपल्या मालकाविषयी बोलत राहते. तो चार वर्षांचा होता तेव्हापासून ती त्याला ओळखते. त्याच्या तोंडून वाकडा शब्द तिने कधी ऐकलेला नाही. एलिझाबेथचं मन वळायला सुरुवात होते ती इथे. डार्सीचं वर्षाचं दहा हजार पौंडांचं उत्पन्न मिसेस बेनेटला पुरेसं असतं, तिच्या मुलीला नाही. मुलीला पटते ती एका नोकर बाईची साक्ष. माणूस कसा आहे हे त्याच्या घरात राबणाऱ्याला विचारावं, हे ऑस्टिनने 1813 मध्ये छापून ठेवलं आणि डेव्हिसने ते घाई न करता पडद्यावर घडू दिलं.

घाई न करणं ही या मालिकांची खरी श्रीमंती. दोन तासांच्या चित्रपटाला कादंबरी कापावी लागते. मालिका तिला श्वास घेऊ देते. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण यातल्या कित्येक कादंबऱ्या जन्माला आल्या त्याच हप्त्याहप्त्याने. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकातून वाचकांनी अशीच वाट पाहत वाचली. चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' मासिक हप्त्यांतून आली होती. बीबीसीने 2005 मध्ये ती पंधरा भागांत केली, पहिला भाग तासाभराचा आणि पुढचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. एक वारसाहक्काचा खटला पिढ्यान् पिढ्या चालतो, वकील गलेलठ्ठ होतात आणि वारस संपून जातात. ज्यांच्या घरात जमिनीच्या दाव्याचे कागद ट्रंकेत बांधून ठेवलेले असतात, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. जिलियन अँडरसनची लेडी डेडलॉक त्यात खिडकीतून पावसाकडे पाहते तेव्हा तिच्या गोठलेल्या चेहऱ्यामागे काय चाललं आहे ते कळायला आपल्याला कैक भाग थांबावं लागतं. ते थांबणं सार्थकी लागतं.

आपल्या देशाशी थेट भिडणारी मालिका मात्र एकच निवडायची तर मी 'द ज्युएल इन द क्राउन' निवडेन. पॉल स्कॉटच्या 'राज क्वार्टेट' या चार कादंबऱ्यांवर ग्रॅनाडा टेलिव्हिजनने ती चौदा भागांत केली. 1984च्या सुरुवातीला ती दाखवली गेली. कथा सुरू होते ऑगस्ट 1942 मध्ये. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक गेलेली आहे, नेते तुरुंगात आहेत, आणि मायापूर या काल्पनिक गावात दंगल पेटते. हरी कुमार हा इंग्लंडात वाढलेला, इंग्रजांहून चांगलं इंग्रजी बोलणारा तरुण. आर्ट मलिकने त्याचं एकटेपण असं उभं केलं आहे की त्याच्या गप्प बसण्याचीही भीती वाटते. डॅफ्नी मॅनर्स या इंग्रज मुलीचं त्याच्यावर प्रेम आहे. तिच्यावर अत्याचार होतो आणि पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक हरीला पकडतो. मेरिक स्वतः इंग्लंडातल्या खालच्या वर्गातून वर आलेला. हरीचं उच्चभ्रू शिक्षण त्याला सलतं, हरीचा रंग त्याला सुडाची संधी देतो. साम्राज्य कसं चालत होतं याचा हा सर्वांत कठोर धडा एका इंग्रज लेखकाने लिहिला आणि इंग्रजांच्याच वाहिनीने तो दाखवला, ही गोष्ट मला आदरणीय वाटते.

त्यातला एक प्रसंग मी कधीही विसरणार नाही. मिशनच्या शाळेतल्या वयस्क मिस क्रेनच्या गाडीवर जमाव चालून येतो. तिचे सहकारी मिस्टर चौधरी तिला वाचवायला जातात आणि मारले जातात. पाऊस कोसळत असतो. रस्त्याच्या कडेला ती त्या मृत माणसाचा हात हातात घेऊन बसून राहते. जिवंतपणी ज्यांच्यात एक औपचारिक अंतर होतं त्या दोघांचं ते बसणं म्हणजे दोन देशांमधलं उशिरा आलेलं सगळं शहाणपण आहे. पुढे बार्बी बॅचलरच्या भूमिकेत पेगी ॲशक्रॉफ्ट येते. सेवेत आयुष्य घालवून शेवटी कुणालाच नको झालेली ही म्हातारी मिशनरी बाई तिने अंतःकरण पिळवटून साकारली. झोहरा सहगल आणि सईद जाफरीही या मालिकेत आहेत, आपल्या पूर्ण दिमाखात.

मेरिक झालेला टिम पिगॉट-स्मिथ हा नट म्हणजे या परंपरेच्या दीर्घ श्वासाचं उदाहरण. 'नॉर्थ अँड साउथ' बीबीसीने आधी 1975 मध्येही केली होती. त्यात तो मार्गारेटचा भाऊ फ्रेडरिक होता. 2004 मध्ये तोच तिचा बाप झाला, सदसद्विवेकापायी धर्मगुरूचं पद सोडून कुटुंबाला उत्तरेच्या धुरात घेऊन येणारा हळवा मिस्टर हेल. मधल्या काळात त्याने मेरिकचं क्रौर्य पचवलेलं. बेसी हिगिन्स ही गिरणी कामगार मुलगी झालेली ॲना मॅक्सवेल मार्टिन पुढच्याच वर्षी 'ब्लीक हाउस'ची नायिका झाली. बेसीच्या बापाचं काम करणारा ब्रेंडन कॉइल पुढे 'डाउन्टन ॲबी'तला बेट्स. एकेक नट आयुष्यभर आपल्या भाषेच्या अभिजात साहित्यात राहतो, तिथेच मोठा होतो, म्हातारा होतो. पाहणारेही त्याच्याबरोबर वाढतात.

पुन्हा त्या गिरणीकडे येते, कारण माझं मन तिथेच अडकलेलं आहे. एलिझाबेथ गॅस्केल मँचेस्टरमधल्या एका धर्मोपदेशकाची बायको. गरिबांच्या खोल्यांमध्ये तिचं येणंजाणं होतं. प्रेस्टन इथल्या गिरणी कामगारांचा 1853-54चा मोठा संप ताजा असताना तिने ही कादंबरी लिहिली आणि डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात ती सप्टेंबर 1854 ते जानेवारी 1855 या काळात छापली गेली. कादंबरीत बेसी सांगते की पिंजण्याच्या दालनात एक मोठं चाक बसवलं तर हवेतला कापूस बाहेर ओढला जातो. पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा मिळत नाही, म्हणून मालक ते बसवत नाहीत. काही कामगारांनाही ते नको असतं, कारण तंतू गिळून गिळून भूक मरते आणि चाक लावल्यावर ती पुन्हा जागी होते. ही एक माहिती आख्ख्या शतकाचं अर्थशास्त्र सांगून जाते. बेसी एकोणीस वर्षांची. तिच्या छातीत कापूस आहे.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. मालिकेचा पहिला भाग मी आईबरोबर पाहिला. तिला इंग्रजी संवाद फारसे कळत नव्हते आणि त्याची तिला गरजही पडली नाही. मार्गारेटने दार उघडल्यावर आई पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "अण्णा पाळीवरून आले की त्यांच्या भुवया अशाच दिसायच्या." मग ती बोलत राहिली. ते घरातही मोठ्याने बोलायचे, कारण साच्यांच्या आवाजात कान गेलेले. सुट्टी झाली की सोमवारी छाती जड व्हायची, आठवडा सरता सरता सैल पडायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराचं तेच पहिलं लक्षण. लँकेशायरच्या कामगारांचा सोमवारही तसाच जायचा.

ही जवळीक मनाने जुळवलेली नाही, ती इतिहासातली आहे. गॅस्केलची कादंबरी छापली जात होती त्याच 1854 मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. ताडदेवची ती गिरणी 1856 मध्ये चालू झाली. यंत्रं आली ती लँकेशायरहूनच. मालिकेतलं मिल्टन म्हणजे मँचेस्टरचंच दुसरं नाव. चित्रीकरणासाठी रस्ते एडिनबरामध्ये सापडले, गिरणीचं आवार यॉर्कशरमधल्या कीथली गावात आणि माग बर्न्ली इथल्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये. वाफेवर चालणारी ती गिरणी 1982 मध्ये बंद पडली आणि पुढे तिचं संग्रहालय झालं. आपल्या गिरणगावाचा संप सुरू झाला तो 18 जानेवारी 1982 रोजी. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. बर्न्लीचे माग जपले गेले. आपले भंगारात गेले, जागेवर मनोरे उठले.

'नॉर्थ अँड साउथ'चं मोठेपण असं की गोष्टीतल्या संपात ती कुणालाही सोपं करून टाकत नाही. थॉर्नटन क्रूर वाटतो, पण त्याची गिरणीही कर्जावर उभी आहे. बापाने सट्ट्यात बुडून जीव दिल्यावर त्याने दुकानात राबून आईला सांभाळलं आहे. सिनेड कुसॅकने केलेली ती आई, मिसेस थॉर्नटन, गिरणीच्या आवाजाशेजारीच राहते, कारण तो आवाज तिच्या मुलाच्या कष्टाचा आहे. बेसीचा बाप, युनियनचा निकोलस हिगिन्स, ताठ आणि न्यायी आहे, तरी संपाच्या शिस्तीत बाउचरसारखा सहा पोरांचा बाप चिरडला जातो. बाउचर मेल्यावर त्याची पोरं सांभाळायला हिगिन्सच पुढे होतो. शेवटी मालक आणि कामगार एकमेकांना ओळखतात ते भाषणांनी नाही, तर गिरणीत एकत्र सुरू केलेल्या जेवणघरामुळे. दोन माणसं एका टेबलाशी कालवण खातात. माझ्या मते या मालिकेतला सर्वांत क्रांतिकारक प्रसंग तोच.

एक उणीव मात्र मनात सलते. मिल्टनच्या हवेत तरंगणारा तो कापूस 1850च्या दशकात बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता. त्या शेतांवर मालिका एकदाही जात नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तो कापूस थांबला, लँकेशायरमध्ये चुली विझल्या आणि मुंबईत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. दार आणखी थोडं उघडलं असतं तर हे सगळं दिसलं असतं. ते दार उघडणारी मालिका कुणी तरी अजून करायची आहे, आणि ती मुंबईतून झाली तर मला सर्वाधिक आनंद होईल. कापसाची दुसरी बाजू आपल्या घरांत आहे. ज्यांनी ती पाहिली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून ज्यांनी अजून यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांना माझी विनंती आहे. 'नॉर्थ अँड साउथ'पासून सुरुवात करा; चारच भाग आहेत. नंतर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पाहा आणि पेम्बर्लीच्या कारभारणीकडे नीट लक्ष द्या. मग 'ब्लीक हाउस'. मन तयार झालं की 'द ज्युएल इन द क्राउन'चे चौदा भाग, दिवसाला एक, अधिक नाही. एका बैठकीत सगळं संपवू नका. या गोष्टी वाट पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. आणि घरात कुणी गिरणीत काम केलेलं असेल, तर पहिला भाग त्यांच्या शेजारी बसून पाहा. संवाद सांगत बसू नका. ते बोलायला लागले की मालिका थांबवा आणि त्यांचं ऐका, लिहून ठेवा.